ब्रेकपॉइंट आणि त्याचे प्रकार

चालू असलेला प्रोग्रॅम ठरावीक जागी, किंवा ठरावीक गोष्ट घडताक्षणी थांबावा म्हणून डिबगरला, म्हणजे प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या साधनाला, देऊन ठेवलेली खूण म्हणजे ब्रेकपॉइंट. प्रोग्रॅम थांबला तरी संपत नाही. व्हेरिएबलमधल्या किमती, कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावले याची उतरंड, उघडलेल्या फायली, सगळे जिथल्या तिथे राहते आणि आपल्याला ते निवांत पाहता येते. मराठीत ‘विरामबिंदू’ म्हणता येईल, पण कामाच्या जागी सगळे ‘ब्रेकपॉइंट लाव’, ‘हिट होतोय का बघ’ असेच बोलतात. म्हणून या नोंदीतही तोच शब्द ठेवला आहे.

बहुतेकांना एकच प्रकार माहीत असतो: ओळीच्या डावीकडच्या पट्टीत क्लिक केले की उमटणारा लाल ठिपका. चूक कोणत्या ओळीत आहे याचा अंदाज असेल तर तो पुरतो. पण चुकीविषयी दर वेळी वेगळीच गोष्ट हाताशी असते. कधी जागा माहीत असते. कधी फक्त चुकीची किंमत माहीत असते, तर कधी नुसते एवढेच कळते की अमुक व्हेरिएबल कोणीतरी बिघडवतो आहे. ब्रेकपॉइंटचे प्रकार या फरकातून जन्मले आहेत आणि निवडायचेही त्यावरूनच.

उगम

या शब्दामागे खरोखरची तोडलेली जोडणी आहे. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात घडलेला एनिॲक हा संगणक फेब्रुवारी १९४६ मध्ये जाहीरपणे दाखवण्यात आला. त्याचा प्रोग्रॅम म्हणजे एका भागातून दुसऱ्या भागात नेलेल्या केबल आणि लावलेली बटणे. एका पायरीचे काम झाले की त्या केबलमधून पुढच्या भागाला इशारा जाई. मधली केबल उपसली की गणित तिथेच थांबे आणि यंत्रावरच्या निऑन दिव्यांतून तोवरचे आकडे वाचता येत. या युक्तीचे श्रेय एनिॲकच्या पहिल्या सहा प्रोग्रॅमर स्त्रियांपैकी एक, बेटी हॉलबर्टन यांना दिले जाते. आज माऊसच्या एका क्लिकने होणारे काम त्या हाताने केबल उपसून करत होत्या. डिबगिंग शिकवताना त्यांचे नाव घेतलेच पाहिजे.

महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत एका अख्ख्या पिढीला ब्रेकपॉइंट भेटला तो टर्बो सी++ च्या निळ्या पडद्यावर. कंट्रोल एफ८ दाबले की ओळीवर लाल पट्टा येई. एफ७ ने फंक्शनच्या आत शिरता येई, एफ८ ने ते ओलांडून पुढच्या ओळीवर जाता येई. अट आणि ‘किती वेळा सोडून द्यायचे’ हा आकडा देण्याची सोय त्या पडद्यावरही होती, पण प्रॅक्टिकलच्या तासाला तिथवर क्वचितच कोणी पोचे.

ओळीवरचा ब्रेकपॉइंट

हा कसा चालतो हे एकदा समजले की बाकीच्या प्रकारांचे गुणदोष आपोआप उलगडतात. इंटेल जातीच्या प्रोसेसरवर डिबगर त्या ओळीच्या पहिल्या मशीन सूचनेची पहिली बाइट काढून बाजूला ठेवतो आणि तिच्या जागी सोळाच्या पायात ‘सीसी’ अशी लिहिली जाणारी एक बाइट घालतो. ही ‘इंट ३’ नावाची सूचना. ती मुद्दाम एकाच बाइटची ठेवली आहे, कारण सर्वांत छोटी सूचनाही एका बाइटची असते आणि खूण पुढच्या सूचनेवर सांडून चालत नाही. प्रोसेसर तिथे पोचला की ताबा ऑपरेटिंग सिस्टीमकडे आणि तिथून डिबगरकडे जातो. लिनक्सवर हा निरोप ‘सिगट्रॅप’ या सिग्नलने येतो. पुढे जा म्हटल्यावर डिबगर मूळ बाइट परत ठेवतो, प्रोसेसरला एक पाऊल मागे घेतो, तेवढी एकच सूचना चालवतो, मग पुन्हा ‘सीसी’ लावतो आणि प्रोग्रॅम सोडून देतो. आपल्याला दिसतो तो फक्त एक ठिपका.

असे ब्रेकपॉइंट हवे तितके लावता येतात. मात्र त्यासाठी मेमरीत लिहिता आले पाहिजे. मायक्रोकंट्रोलरचा, म्हणजे यंत्रात बसवलेल्या छोट्या संगणक-चिपचा, कोड फ्लॅश या कायमस्वरूपी मेमरीत असतो आणि तिथे एखादी बाइट सहज बदलता येत नाही. म्हणून तिथे प्रोसेसरच्या आतच पत्ते ताडून पाहणारी सर्किटे असतात. त्यांच्यावर बेतलेला तो हार्डवेअर ब्रेकपॉइंट. ही सर्किटे मोजकी असतात: आर्म कंपनीच्या कॉर्टेक्स-एम४ मध्ये कोडसाठी साधारण ६. सातवा ब्रेकपॉइंट नाकारला गेला की नवखा माणूस केबल आणि ड्रायव्हर तपासत बसतो. कारण मात्र एवढे साधे असते.

अट आणि मोजणी

समजा, गावच्या दूध संस्थेचे दहा दिवसांचे बिल काढणारा प्रोग्रॅम आहे. उत्पादक ६००, प्रत्येकाच्या सकाळ-संध्याकाळ मिळून २० नोंदी, म्हणजे बेरजेची ओळ १२,००० वेळा चालणार. एका उत्पादकाचे बिल उणे आले आहे. त्या ओळीवर साधा ठिपका लावला तर दर थांब्यावर ‘पुढे जा’ सांगणारे एफ५ दाबता दाबता बोट दुखेल.

इथे एका नोंदीचा हिशेब संपतो त्या ओळीवर अटीचा ब्रेकपॉइंट लावायचा. ठिपक्यावर राइट क्लिक करून अट लिहायची: एकूण रक्कम शून्यापेक्षा कमी. प्रोग्रॅम धावतो आणि नेमका त्या उत्पादकाच्या दुसऱ्या नोंदीवर थांबतो. किमती दाखवणाऱ्या वॉच खिडकीत पाहावे तर दर ३४ रुपये, सकाळचे दूध ६ लिटर, संध्याकाळचे साडेचार. सकाळचे झाले २०४ रुपये, त्यातून पशुखाद्याच्या उचलीचा १८० रुपयांचा हप्ता गेला, उरले २४. संध्याकाळचे १५३ मिळवले, आणि पुन्हा १८० वजा. उणे ३. हप्ता वजा करणारी ओळ लूपच्या, म्हणजे दर नोंदीला पुन्हा चालणाऱ्या भागाच्या, बाहेर असायला हवी होती, ती आत राहिली आहे. बिलामागे एकदा कापायची रक्कम दर नोंदीला कापली जात होती. उचल घेतलेल्यांपैकी ज्यांचे दूध जास्त, त्यांची बिले उणे झाली नव्हती, नुसती कमी आली होती. उणे बिल ओरडून सांगते. कमी आलेले बिल गप्प राहते आणि ते घेऊन माणूस घरी जातो. म्हणून अटीच्या जागी थांबल्यावर त्या एकाच नोंदीची दुरुस्ती करून उठू नये. आजूबाजूची ओळ न् ओळ वाचावी.

अट लिहिताना दोन गोष्टी सांभाळाव्यात. सी, सी++, जावास्क्रिप्ट यांसारख्या भाषांत तुलनेसाठी दोन बरोबर-चिन्हे लागतात. चुकून एकच टाकले तर बहुतेक डिबगरमध्ये तपासण्याऐवजी किंमत बदलली जाते, आणि आपणच घातलेली चूक आपण शोधत बसतो. दुसरी गोष्ट वेगाची. अट खोटी असली तरी प्रोग्रॅम आतून दर वेळी थांबतोच. डिबगर अट तपासतो आणि त्याला पुन्हा सोडतो. लाखो वेळा फिरणाऱ्या लूपमध्ये हे असह्य होते. तेव्हा कोडमध्येच तात्पुरता ‘इफ’ लिहून त्याच्या आत साधा ब्रेकपॉइंट लावणे कितीतरी जलद पडते.

मोजणीचा ब्रेकपॉइंट म्हणजे अमुक वेळा पोचल्यावर थांब. याचा एक सुरेख उपयोग आहे. लूपच्या कोणत्या फेरीत प्रोग्रॅम कोसळतो ते माहीत नसेल, तर जीडीबी या डिबगरमध्ये ब्रेकपॉइंट लावून पुढच्या लाखभर वेळा दुर्लक्ष कर असे सांगायचे आणि प्रोग्रॅम कोसळू द्यायचा. मग ब्रेकपॉइंटची यादी मागवायची. तिच्यात तो किती वेळा गाठला गेला हे लिहिलेले असते. ४१२ असेल तर पुन्हा चालवताना ४११ वेळा दुर्लक्ष करायला सांगायचे. कोसळण्याच्या अगदी उंबऱ्यावर प्रोग्रॅम थांबतो. इनपुट तेच राहिले तर ही रीत हमखास लागू पडते.

डेटा ब्रेकपॉइंट

‘ही किंमत बदलते, पण कोण बदलतो ते सापडत नाही’ या तक्रारीवर हा उपाय. जीडीबीत त्याला वॉचपॉइंट म्हणतात. तो कोडच्या ओळीवर लागत नाही, मेमरीतल्या जागेवर लागतो. तिथे कोणीही, कुठूनही लिहिले की प्रोग्रॅम थांबतो. सी किंवा सी++ मध्ये एखाद्या ॲरेत (ओळीने मांडलेल्या किमतींच्या यादीत) लिहिताना हद्द ओलांडली जाऊन शेजारच्या व्हेरिएबलला धक्का बसतो, तेव्हा कोड कितीही वाचला तरी गुन्हेगार सापडत नाही, कारण त्या ओळीत बिघडलेल्या व्हेरिएबलचे नावही नसते. दोन दिवसांचा शोध डेटा ब्रेकपॉइंटने पाच मिनिटांत संपतो. इतका कामाचा आणि तरी इतका कमी वापरला जाणारा दुसरा प्रकार नाही.

यालाही हार्डवेअरचीच मदत लागते. इंटेलच्या ८०३८६ पासून, म्हणजे १९८५ पासून, प्रोसेसरमध्ये पत्ते ठेवण्यासाठी डिबग रजिस्टर नावाचे चार छोटे कप्पे आहेत. आजच्या ६४ बिट प्रोसेसरवर प्रत्येक रजिस्टर जास्तीत जास्त ८ बाइटवर पाळत ठेवते. त्यामुळे मोठा ॲरे संपूर्ण पाळतीखाली आणता येत नाही, संशयाची जागा निवडावी लागते. हार्डवेअर पुरले नाही तर जीडीबी एकेक सूचना चालवून दर वेळी किंमत तपासतो. मग प्रोग्रॅम शेकडो पटींनी मंदावतो.

थांबल्यावर बाण कुठे दिसतो याकडेही लक्ष द्यावे. इंटेलवर लिहिणारी सूचना पूर्ण झाल्यावर खबर येते. त्यामुळे बाण अनेकदा पुढच्या ओळीवर असतो आणि दोषी ओळ त्याच्या आधीची असते. फंक्शनमधल्या स्थानिक व्हेरिएबलवर नुसत्या पत्त्याने पाळत ठेवली असेल तर आणखी एक फसगत होते. फंक्शन संपले की ती जागा दुसऱ्या कोणाला मिळते आणि भलत्याच लिखाणावर थांबा येतो. जावा आणि डॉटनेटमध्ये ऑब्जेक्ट मेमरीत जागा बदलत असतात. म्हणून तिथे पत्त्याऐवजी एखाद्या क्लासच्या फील्डवर किंवा ऑब्जेक्टच्या प्रॉपर्टीवर अशी पाळत लावतात.

वेबपानांच्या जगात याचा सख्खा भाऊ आहे. क्रोमच्या डेव्हलपर साधनांत पानावरच्या एखाद्या घटकावर ब्रेकपॉइंट लावता येतो: त्याच्या आतला भाग बदलला तर, त्याचे गुणधर्म बदलले तर, किंवा तो काढून टाकला गेला तर थांब. पानावरचे बटण आपोआप गायब होत असेल तर कोणत्या स्क्रिप्टने ते उडवले हे यातूनच कळते.

अपवाद आणि फंक्शन

प्रोग्रॅम चालताना घडलेली चूक ‘फेकून’ कळवली जाते, तिला एक्सेप्शन म्हणतात. एक्सेप्शन ब्रेकपॉइंट हा चूक फेकली जाते त्या क्षणी थांबतो. फंक्शनांची उतरंड अजून मोडलेली नसते, म्हणून त्या वेळच्या किमती जशाच्या तशा दिसतात. पकडल्या न जाणाऱ्या एक्सेप्शनवरच थांबायचे की पकडल्या जाणाऱ्यांवरही, हे निवडता येते. कोणीतरी रिकामा ‘कॅच’ (चूक पकडणारा भाग) लिहून चूक गिळून टाकली असेल, तर दुसरा पर्याय निवडल्याशिवाय ती दिसत नाही. मोठ्या तयार चौकटींत (फ्रेमवर्कमध्ये) मात्र आतल्या आत कितीतरी एक्सेप्शन पकडली जातात. तेव्हा एक्सेप्शनचा नेमका प्रकार नोंदवावा.

फंक्शनच्या नावावर लावलेला ब्रेकपॉइंट मूळ कोड (सोर्स) हाताशी नसताना उपयोगी पडतो. जावामध्ये मेथड, म्हणजे क्लासमधले फंक्शन, यावरच्या ब्रेकपॉइंटने प्रोग्रॅम फार मंदावतो. लाल ठिपका ओळीवर लागला की मेथडच्या नावावर, हे त्याचे चिन्ह पाहून आधी तपासावे.

न थांबणारा ब्रेकपॉइंट

नाव विसंगत वाटेल, पण प्रकार मोलाचा आहे. व्हिज्युअल स्टुडिओत ट्रेसपॉइंट, व्हीएस कोडमध्ये लॉगपॉइंट, जीडीबीत डीप्रिंटएफ. प्रोग्रॅम त्या जागी पोचला की सांगितलेला मजकूर आणि किमती छापल्या जातात आणि काम पुढे चालू राहते. व्हीएस कोडमध्ये याचा ठिपका गोल नसून पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराचा असतो. कोडमध्ये प्रिंट घालून, पुन्हा बिल्ड करून (प्रोग्रॅम नव्याने तयार करून), नंतर ती काढायला विसरण्याचा घोळ यामुळे टळतो. दोन थ्रेडमधल्या, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या कामांमधल्या, शर्यतीची चूक असेल तर थांबवणे हीच अडचण ठरते. एक थ्रेड थांबला की वेळेचे गणित बदलते आणि चूक अदृश्य होते. लॉगपॉइंटही थोडा वेळ खातोच, पण थांबवण्यापेक्षा कितीतरी कमी.

कोडमध्येच लिहिलेला थांबाही असतो. जावास्क्रिप्टमध्ये ‘डिबगर’ हे विधान आहे. पायथनच्या ३.७ या २०१८ च्या आवृत्तीपासून ‘ब्रेकपॉइंट’ नावाचे अंगभूत फंक्शन आले. ‘पायथनब्रेकपॉइंट’ हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल शून्य केले की अशा सगळ्या हाका निकामी होतात. सर्व्हरवर ही खबरदारी घ्यावीच. तिथे समोर टर्मिनल नसते आणि विसरलेल्या एका ओळीवर विनंती अडकते किंवा कोसळते.

हिट न होणारा ठिपका

ठिपका पोकळ किंवा करडा दिसला तर डिबगरला ती ओळ चालू कोडमध्ये सापडलेली नाही असे समजावे. चालू प्रोग्रॅम जुन्या बिल्डचा असेल, किंवा ओळ आणि मशीन कोड यांचा मेळ घालणारी सिम्बॉल फाइल मिळाली नसेल. जावास्क्रिप्टमध्ये हेच काम सोर्स मॅप करतो. ऑप्टिमाइझ केलेल्या बिल्डमध्ये कंपायलर ओळी हलवतो, एकत्र करतो, कधी पूर्ण काढून टाकतो. मग ठिपका भरीव असूनही भलत्याच ओळीवर थांबा येतो. आधी डिबग बिल्ड चालवावी आणि मगच तर्काला लागावे.

थांबण्याची किंमत

एका थ्रेडला थांबवायचे की सगळ्यांना, हे जावासाठीच्या इंटेलिजे या साधनात प्रत्येक ब्रेकपॉइंटसाठी वेगळे ठरवता येते. सगळे थांबले तर नेटवर्कच्या दुसऱ्या टोकाला टाइमआउट होतो. डेटाबेसचे लॉक हातात असताना थांबलो तर बाकीचे वापरणारे ताटकळतात. म्हणून लोक वापरत असलेल्या सर्व्हरवर थांबवणारा ब्रेकपॉइंट लावू नये. मोटर चालवणाऱ्या बोर्डावर तर धोका प्रत्यक्ष असतो. प्रोसेसर थांबला तरी टायमरचे आउटपुट चालूच राहू शकते आणि मोटर शेवटच्या हुकमाप्रमाणे फिरत राहते. किंवा प्रोसेसर गप्प झाला असे समजून त्याच्यावर पहारा ठेवणारे वॉचडॉग सर्किट सगळे रीसेट करते. एसटीएम३२ या मायक्रोकंट्रोलर मालिकेत डिबगच्या थांब्यात टायमर आणि वॉचडॉग गोठवण्यासाठी वेगळी बिटे दिलेली आहेत. पहिला ब्रेकपॉइंट लावण्याआधी ती चालू करावीत.