न्यूनगंड असलेलेच ‘आपल्यांना’ झुकतं माप देतात?

समज असा: ज्याला स्वतःची किंमत वाटत नाही, तोच आपल्या गटाची तळी उचलतो.

पटण्यासारखं आहे, पण प्रयोगांत टिकलं नाही. 1970 च्या दशकात नाणेफेकीने पाडलेल्या गटांतही लोकांनी आपल्या गटाला जास्त गुण दिले. पुढे दिसलं की आत्मसन्मान जास्त असलेले हे उलट उघडपणे करतात. कमी असलेले आडवळणाने. आपल्यांची सरशी झाली की बऱ्याचदा बरं वाटतं, एवढं मात्र खरं.

पडताळायचंय? 10 विधानांची आत्मसन्मान चाचणी आधीच घ्या. नंतर घेतल्यास गुण वाटण्याचाच परिणाम उत्तरांवर होतो. चिठ्ठ्यांनी गट पाडा. प्रत्येकाने दोन्ही गटांतल्या एकेका अनोळखी व्यक्तीत 10 गुण वाटावेत, स्वतःला काहीच नाही. 5-5 अशा समान वाटणीपासून आपल्या गटाकडे किती झुकले, तो फरक चाचणीतल्या गुणांशी ताडा. वीसेक जणांवरून निष्कर्ष काढू नका. तेवढ्यात योगायोगही नियमासारखा दिसतो.