एस्प्रेसो मशीनचं पाणी: टीडीएस मीटर जे सांगत नाही

‘टीडीएस दीडशे आला, म्हणजे मशीनला पाणी चालेल.’ घरी एस्प्रेसो मशीन घेतलेल्यांच्या तोंडी हे वाक्य हमखास येतं, आणि त्यातून मशीनच्या भवितव्याबद्दल जवळपास काहीच कळत नाही. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, पण टीडीएस मीटरला क्षार ओळखता येत नाहीत. पाण्यातून वीज किती सहज वाहते ते तो मोजतो आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज बांधतो. एका ग्लासात मीठ आणि दुसऱ्यात कॅल्शियम बायकार्बोनेट असलं, तरी दोन्हीकडे तो १५० दाखवू शकतो. पहिल्या पाण्याने बॉयलरमध्ये चुनखडीचा थर कधीच बसणार नाही, पण त्यातलं क्लोराइड तापलेल्या स्टेनलेस स्टीलला बारीक खड्डे पाडू शकतं. दुसऱ्याने बॉयलर आतून पांढरा होत जाईल.

जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असतं, साबणाला फेस येत नाही, एवढं शाळेत शिकलेलं असतं. थर बसायला मात्र एकटं कॅल्शियम पुरत नाही. त्याला बायकार्बोनेटची जोड लागते, आणि ही जोडी फुटते कशी, हे बघण्यासारखं आहे.

चुनखडी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. शुद्ध पाण्यात ती जेमतेम विरघळते: खोलीच्या तापमानाला लिटरमागे सुमारे १५ मिलिग्रॅम. तरीही भूजलात याच्या कित्येक पट कॅल्शियम सापडतं, कारण मातीतून झिरपताना पाण्याने कार्बन डायऑक्साइड शोषलेला असतो. हा वायू, पाणी आणि चुनखडी मिळून कॅल्शियम बायकार्बोनेट तयार होतं आणि ते पाण्यात सुखाने राहतं. पण ही अभिक्रिया उलटही फिरते. वायू पाण्यातून निसटू लागला की दोन बायकार्बोनेट आयनांपैकी एक आपला हायड्रोजन दुसऱ्याला देतो. देणाऱ्याचं कार्बोनेट होतं. घेणाऱ्यातून पाणी आणि आणखी कार्बन डायऑक्साइड निघतो. तोही उडून जातो. मागे राहिलेलं कार्बोनेट कॅल्शियमला धरतं आणि दोघं मिळून भिंतीवर बसतात. उष्णता इथे दुहेरी घात करते. गरम पाण्यात वायू कमी टिकतो, आणि साखरेच्या अगदी उलट, चुनखडी गरम पाण्यात आणखी कमी विरघळते. म्हणून पहिला थर सगळ्यात तापलेल्या जागी, हीटरच्या कॉइलवर बसतो.

आता दोन बॉयलरचं मशीन घ्या. कॉफीच्या बॉयलरमध्ये पाणी साधारण ९३ अंशांवर असतं. तो काठोकाठ भरलेला असतो, त्यामुळे वायूला सुटायला मोकळी जागाच नसते. थर बसतो, पण सावकाश. वाफेच्या बॉयलरमध्ये तापमान १२० अंशांच्या वर, वर मोकळी जागा, आणि वाफेबरोबर कार्बन डायऑक्साइडही बाहेर. शिवाय वाफ म्हणजे निव्वळ पाणी. क्षार सगळे आतच राहतात. हा बॉयलर म्हणजे एक छोटं मिठागरच, फक्त त्यातलं मीठ कोणी उपसत नाही.

हिशेब करून पाहू. २०० मिलिलिटर थंड दूध ६० अंशांपर्यंत तापवायला सुमारे १८ ग्रॅम वाफ लागते. रोज चार कप दूध धरलं तर वर्षाला सुमारे २६ लिटर पाण्याची वाफ होते. लिटरमागे १५० मिलिग्रॅम थर देणारं पाणी असेल, तर वर्षाकाठी जवळपास ४ ग्रॅम चुनखडी. ऐकायला किरकोळ वाटते, पण पाण्याच्या वाटेतली काही छिद्रं मिलिमीटरपेक्षाही अरुंद असतात आणि तिथे एक सुटा खवला पुरतो. चुनखडीची उष्णतावहनाची क्षमता तांब्याच्या शेकडो पटींनी कमी असल्याने हीटरही आतल्या आत जास्त तापतो.

हे ‘लिटरमागे १५०’ कुठून काढायचं? इथे दोन आकडे लागतात: एकूण जडपणा आणि अल्कता, म्हणजे मुख्यतः बायकार्बोनेट. दोन्ही आकडे कॅल्शियम कार्बोनेटच्या मापात (लिटरमागे किती मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटच्या बरोबरीचे) मांडले की त्यांतला लहान आकडा ही थराची ढोबळ कमाल मर्यादा. जडपणा २०० आणि अल्कता ४० असेल तर थर ४० चाच. बाकीचं कॅल्शियम सल्फेट-क्लोराइडच्या सोबतीने विरघळलेलं राहतं (अति साठलं तर कॅल्शियम सल्फेटही बसतं, पण ते वेगळं प्रकरण). हे दोन आकडे, तापमान, पीएच आणि एकूण क्षार जुळवून थराचा कल सांगणारा निर्देशांक अमेरिकी अभियंते विल्फ्रेड लँजेलियर यांनी १९३६ मध्ये मांडला, तोही शहरांच्या नळांसाठी. जडपणा आणि अल्कता घरी थेंब मोजून करायच्या टेस्ट किटने कळतात.

अल्कता शून्यावर आणू नये. बायकार्बोनेट कॉफीतली आम्लं शमवतं. ते फार झालं तर कॉफी बेचव लागते, अजिबात नसेल तर आंबट टोचते आणि तांबं-पितळही झिजतं. अमेरिकेच्या स्पेशालिटी कॉफी असोसिएशनच्या २००९ च्या मानकात अल्कतेचं लक्ष्य लिटरमागे ४० आणि कॅल्शियमच्या जडपणाचं ६८ मिलिग्रॅम होतं.

फिल्टरचं काम नीट समजून घ्या. कार्बन फिल्टर क्लोरीन आणि वास काढतो, जडपणाला हातही लावत नाही. सोडियमवाला सॉफ्टनर कॅल्शियमच्या जागी सोडियम सोडतो. थर थांबतो, अल्कता तशीच राहते. हायड्रोजनवाल्या रेझिनमध्ये (आयनांची अदलाबदल करणाऱ्या बारीक मण्यांमध्ये) कॅल्शियमच्या बदल्यात सुटलेला हायड्रोजन बायकार्बोनेटला गाठून त्याचा वायू करून टाकतो, म्हणजे दोन्ही आकडे एकदम उतरतात. क्लोराइड यांपैकी कशानेच जात नाही. त्याला आरओसारखा उपाय हवा. पण आरओचं फार शुद्ध पाणी तसंच वापरलं तर काही मशीनमधल्या पातळी ओळखणाऱ्या सळईपर्यंत पुरेशी वीज वाहत नाही. बॉयलर रिकामाच आहे असं समजून मशीन पाणी भरत सुटतं. त्यावर सोपा तोडगा आहे: अशा पाण्यात लिटरमागे १०० मिलिग्रॅम पोटॅशियम बायकार्बोनेट. अल्कता ५०, जडपणा शून्य, थर शून्य. चव थोडी सपाट, असं काही जण म्हणतात, मला चालते.

पाइपला बांधायचे लोहचुंबक आणि ‘ऊर्जित’ पाण्याच्या कांड्या मात्र विसरा. चुंबकाच्या आधीचं आणि नंतरचं पाणी त्याच किटने तपासा, थेंब तेवढेच लागतील. एकही कॅल्शियम आयन कुठे गेलेला नसतो. ‘अल्कलाइन’ पाणी तर अल्कता वाढवून थराला मदतच करू शकतं.

टाकीत टाकायच्या रेझिनच्या पुडीची क्षमता ठरलेली असते: पाणी दुप्पट जड असेल तर ती साधारण निम्म्या लिटरांतच संपते, आणि संपल्याचं चवीवरून लगेच कळेलच असं नाही. म्हणून किटचे थेंब नळाच्या पाण्यात मोजता तसे फिल्टरनंतरच्या पाण्यातही मोजा. मशीनला गरम पाण्याची तोटी असेल तर दोन-चार दिवसांनी वाफेच्या बॉयलरमधलं कपभर पाणी तिथून काढून टाका. साठलेले क्षार त्यासोबत जातात आणि आत ताजं पाणी येतं.