सिक्स्थ फॉर्मची 'कंडिशनल ऑफर': निकालाच्या गुरुवारी नेमकं काय करायचं

फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास मुलीच्या ईमेलवर सिक्स्थ फॉर्मची, म्हणजे इंग्लंडमधल्या अकरावी-बारावीची, ऑफर येते आणि आपण लगेच पुण्याला फोन लावून 'ॲडमिशन झाली' असं सांगून मोकळे होतो. ती झालेली नसते. पत्रात 'कंडिशनल' असं स्पष्ट लिहिलेलं असतं. ॲडमिशन होते ऑगस्टमध्ये, जीसीएसईचा (इयर ११ च्या शेवटच्या परीक्षेचा, आपली दहावीच म्हणा) निकाल हातात पडल्यावर, एन्‌रोलमेंट म्हणजे नावनोंदणी पूर्ण झाल्यावर. तोपर्यंत जागा तुमच्या नावाने धरून ठेवलेली असते, एवढंच.

ही माहिती इंग्लंडपुरती आहे. स्कॉटलंडमध्ये जीसीएसई नाहीच, वेल्स आणि उत्तर आयर्लंडचे नियम वेगळे. स्लाउ, हॅरो, रेडिंग, मिल्टन कीन्स इथल्या ज्या मराठी घरांत पहिलं मूल यंदा इयर ११ मध्ये आहे, तिथे आई-वडिलांच्या डोक्यात अजून आपल्याकडची अकरावीच असते. एकच ऑनलाइन अर्ज, पसंतीक्रम, कट-ऑफ, पहिली फेरी, दुसरी फेरी. इंग्लंडमध्ये यातलं काहीही नाही. केंद्रीय मेरिट लिस्ट नाही. प्रत्येक शाळेच्या सिक्स्थ फॉर्मला, प्रत्येक कॉलेजला वेगळा अर्ज करायचा. काही भागांत अर्जासाठी एकच पोर्टल असतं, पण निर्णय ज्याचा त्याचा. त्यामुळे तीन-चार ऑफर एकाच वेळी हातात ठेवता येतात आणि त्यात कुणाला काही गैर वाटत नाही. उलट बाजू अशी, की पहिल्या ठिकाणी हुकलं तर दुसऱ्या फेरीत नाव आपोआप येत नाही. फोन तुम्हालाच करावा लागतो. खरं तर तुमच्या मुलीला करावा लागतो, पण ते पुढे येईल.

कोणाला प्रवेश मिळू शकतो

सिक्स्थ फॉर्म म्हणजे इयर १२ आणि १३. ३१ ऑगस्टपर्यंत १६ वर्षं पूर्ण झालेली मुलं त्या सप्टेंबरमध्ये इयर १२ ला बसतात. २०१५ पासून इंग्लंडमध्ये १८ वर्षांपर्यंत शिक्षण किंवा प्रशिक्षण चालू ठेवणं बंधनकारक आहे. ते सिक्स्थ फॉर्ममध्येच हवं असं नाही, कॉलेज किंवा अप्रेंटिसशिपही चालते. सरकारी शाळा-कॉलेजात फी नसते.

व्हिसाचा प्रश्न हमखास येतो. आई किंवा वडील वर्क व्हिसावर आणि मूल डिपेंडंट म्हणून सोबत असेल तर सरकारी सिक्स्थ फॉर्मला अडचण नाही. व्हिसावर 'नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स' (सरकारी आर्थिक मदत घेता येणार नाही) असं लिहिलेलं असलं तरी सरकारी शाळेतलं शिक्षण त्या मदतीच्या यादीत मोडत नाही. मात्र नातेवाइकांकडे व्हिजिटर व्हिसावर आलेल्या भाच्याला इथे बसवता येणार नाही. चाइल्ड स्टुडंट व्हिसाही फक्त फी घेणाऱ्या खाजगी शाळांसाठी असतो.

अर्जाचा काळ साधारण इयर ११ च्या ऑक्टोबरपासून जानेवारीपर्यंतचा. प्रत्येक संस्थेची शेवटची तारीख वेगळी, त्यामुळे ओपन ईव्हनिंगला गेलात तेव्हाच ती लिहून घ्या. ऑफर देताना अंदाजे ग्रेड आणि शाळेचा अभिप्राय पाहतात. सरकारी शाळांना प्रवेश ठरवण्यासाठी मुलाखत घेण्याची परवानगी नाही. विषय निवडीबद्दल बोलायला बोलावू शकतात, पण त्या भेटीवर जागा अवलंबून ठेवता येत नाही. हा नियम ॲडमिशन्स कोडमध्ये, म्हणजे शाळाप्रवेशाच्या सरकारी नियमावलीत आहे. स्वतंत्र सिक्स्थ फॉर्म कॉलेजांना तो कोड लागू होत नाही.

अटी वाचताना

ऑफरच्या पत्रातली अट एकच नसते, आणि इथेच बहुतेक घरांची गल्लत होते. पहिली अट एकूण निकालाची: उदाहरणार्थ, किमान पाच विषयांत ५ किंवा वर, त्यात गणित आणि इंग्लिश हवेतच. काही ठिकाणी सरासरी गुण मागतात. दुसरी अट विषयाची: ए-लेव्हल (सिक्स्थ फॉर्ममधला दोन वर्षांचा विषयवार अभ्यासक्रम) गणिताला जीसीएसई गणितात ७, फर्दर मॅथ्सला ८, केमिस्ट्रीला ६, अशा धर्तीवर. आकडे प्रत्येक संस्थेचे वेगळे. तिसरी अट सहसा बारीक अक्षरात असते: पुरेशी मुलं आली तरच तो विषय चालवू, आणि तुमचे तीन विषय टाइमटेबलच्या ब्लॉकमध्ये बसले तरच एकत्र घेता येतील.

जीसीएसईचे ग्रेड ९ ते १, त्यात ९ सर्वांत वरचा. ४ म्हणजे 'स्टँडर्ड पास', ५ म्हणजे 'स्ट्राँग पास'.

समजा एका मुलीला फिजिक्स, गणित आणि इकॉनॉमिक्स हवंय. निकालाच्या कागदावर गणित ७, इंग्लिश लँग्वेज ५, इंग्लिश लिटरेचर ७ आणि कंबाइंड सायन्ससमोर '६-५' असं दिसतं. ही सायन्सची जोडी म्हणजे दोन जीसीएसई. त्यात तिन्ही शास्त्रं मिसळलेली असतात, म्हणून त्यातून फिजिक्सचा वेगळा ग्रेड काढता येत नाही. पत्रात 'फिजिक्ससाठी ६-६' असेल तर ती एका पायरीने मागे आहे, बाकी सगळं उत्तम असलं तरी. आणि 'इंग्लिशमध्ये ६' अशी अट असेल तर लिटरेचरचा ७ धरतात की लँग्वेजचाच हवा, हे पत्रात शोधायचं. नसेल तर मे महिन्यातच ईमेलवर विचारून ठेवायचं. निकालाच्या सकाळी रांगेत उभं राहून विचारायचा हा प्रश्न नाही.

गणित किंवा इंग्लिशमध्ये ४ मिळाला नाही तरी पुढचं शिक्षण थांबत नाही, पण तो विषय सोडता येत नाही. पूर्णवेळ विद्यार्थ्याला ३ मिळाला असेल तर जीसीएसईची फेरपरीक्षा द्यावीच लागते. २ किंवा खाली असेल तर फंक्शनल स्किल्स या व्यवहारोपयोगी, सोप्या परीक्षेचा पर्यायही असतो. कॉलेजला मिळणाऱ्या सरकारी पैशाशी हे जोडलेलं आहे, त्यामुळे 'आमच्याला सूट द्या' या विनंतीला अर्थ नाही. नोव्हेंबरमध्ये फक्त गणित आणि इंग्लिश लँग्वेजची परीक्षा होते.

आता थोडं स्पष्ट बोलतो. चार ए-लेव्हलचा हट्ट आपल्या लोकांत फार आहे. फर्दर मॅथ्स घेणाऱ्यांची गोष्ट निराळी, पण एरवी विद्यापीठांच्या ऑफर तीन विषयांवर असतात. चौथ्यापायी बाकीच्या तिघांचे ग्रेड घसरले तर हिशेब सरळ तोट्याचा.

ऑगस्ट आणि भारताची तिकिटं

जीसीएसईचा निकाल ऑगस्टमधल्या गुरुवारी लागतो, ए-लेव्हलच्या निकालानंतर बरोबर आठवड्याने. २०२४ मध्ये २२ ऑगस्ट होता, २०२५ मध्ये २१. एन्‌रोलमेंट बहुतेक ठिकाणी त्याच दिवशी किंवा शुक्रवारी, फार तर पुढच्या आठवड्यात. नेमक्या याच काळात आपली मंडळी भारतात असतात. २०२५ मध्ये गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती, म्हणजे निकाल लागून आठवडाही झाला नव्हता. आजीला नातवंडं गणपतीला हवी असतात, हे खरं. तरीही इयर ११ च्या वर्षी परतीचं तिकीट निकालाच्या आधीचं काढावं, किंवा गावाला जायचंच ते निकालानंतर, असं माझं ठाम मत आहे. पहिल्या पसंतीच्या अटी पूर्ण झाल्या तर लांबूनही निभावतं. नाही झाल्या तर मुंबईतून, साडेचार तासांच्या फरकाने, फोनवर जागा शोधणं अवघड जातं.

जायलाच लागणार असेल तर जुलैतच दोन कामं करा. निकाल ईमेलने किंवा पोर्टलवर मिळेल का हे शाळेच्या एक्झाम्स ऑफिसरला विचारा, आणि कुणी दुसऱ्याने कागद आणायचा असेल तर मुलाच्या सहीचं पत्र देऊन ठेवा. शेजारचे काका नुसतेच जाऊन उभे राहिले तर त्यांना काही मिळणार नाही. दुसरं, ज्या ज्या ठिकाणी ऑफर आहे तिथे ईमेल पाठवून 'त्या दिवशी देशात नाही, एन्‌रोलमेंट कशी करू' असं विचारा आणि उत्तर जपून ठेवा. न कळवता गैरहजर राहिलात तर जागा प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या मुलाला जाऊ शकते, आणि त्यावर भांडायला फारशी जागा उरत नाही.

कोणती कागदपत्रं

मुख्य कागद म्हणजे निकालाची स्लिप, मूळ प्रत. फोनवरचा फोटो काही ठिकाणी चालतो, काही ठिकाणी नाही. त्यासोबत मुलाचा पासपोर्ट, पत्त्याचा पुरावा म्हणून काउन्सिल टॅक्सचं बिल किंवा बँक स्टेटमेंट, आणि ऑफरचं पत्र. ब्रिटिश पासपोर्ट नसेल तर व्हिसाचा पुरावा. जुनी बीआरपी कार्डं २०२४ अखेरीस संपली, आता ई-व्हिसा आहे. सरकारी संकेतस्थळावर मुलाच्या खात्यातून 'शेअर कोड' काढायचा. कोड कशासाठी हवा असं विचारतात तेव्हा नोकरी किंवा भाड्याचं घर न निवडता 'इतर' निवडायचं. कोड ९० दिवस चालतो, म्हणून जुलैच्या शेवटी काढला तरी पुरतो. मुलाच्या नावाचं ई-व्हिसा खातं उघडलेलंच नाही हे आदल्या रात्री कळू देऊ नका.

विशेष गरजांसाठी ईएचसीपी (काउन्सिलने मंजूर केलेला मदतीचा आराखडा) असेल किंवा परीक्षेत जादा वेळ मिळत असेल तर ते कागदही न्या. उत्पन्न कमी असेल तर बर्सरीचा, म्हणजे आर्थिक मदतीचा, फॉर्म वेगळा असतो. त्याला उत्पन्नाचे किंवा बेनिफिटचे पुरावे लागतात, आणि तो एन्‌रोलमेंटच्याच टेबलावर मागून घेतलेला बरा.

शाळा सोडल्याचा दाखला लागत नाही. जातीचा दाखला, डोमिसाइल, काहीच नाही. नुकतंच भारतातून आलेलं आणि एसएससी, सीबीएसई किंवा आयसीएसईची दहावी झालेलं मूल असेल तर मूळ मार्कशीट लागेल, आणि ती इथल्या कोणत्या पातळीला समकक्ष आहे हे सांगणारं यूके एनिकचं पत्रही संस्था मागू शकते. ते ऑनलाइन, पैसे भरून मिळतं, त्यामुळे दहावीचा निकाल लागला की लगेच कामाला लागा.

अट हुकली तर

सकाळी आठच्या सुमारास स्लिप हातात येते. एका ग्रेडने हुकलं असेल तर घरी जाऊन रडण्याआधी सिक्स्थ फॉर्मला गाठायचं, शक्यतो प्रत्यक्ष. किती मुलं आली नाहीत, कोणत्या विषयात जागा उरल्या, हे त्यांनाही त्याच दिवशी कळत असतं. दुपारपर्यंत चित्र बदलतं. बोलायचं मुलाने किंवा मुलीने, आपण शेजारी उभं राहायचं. 'गणितात ६ आलाय, ७ हवा होता, दोन गुण कमी पडले. तुम्ही गणिताला घ्याल का, की स्टॅटिस्टिक्स किंवा दुसरा विषय सुचवाल?' हे सोळा वर्षांच्या तोंडून ऐकलेलं शिक्षकांना आवडतं. 'माय सन इज व्हेरी ब्रिलियंट' हे त्यांनी त्या सकाळी बऱ्याचदा ऐकलेलं असतं.

गुण काठावर असतील तर रिव्ह्यू ऑफ मार्किंग, म्हणजे गुणांची फेरतपासणी, मागता येतं. तो अर्ज पालक करू शकत नाहीत, शाळाच परीक्षा मंडळाकडे करते, आणि मुलाची लेखी संमती लागते, कारण ग्रेड खालीही जाऊ शकतो. निकाल यायला काही आठवडे जातात. तोवर जागा धरून ठेवतील का हे लेखी विचारा, आणि उत्तर 'नाही' असेल तर दुसऱ्या ऑफरवर एन्‌रोल करून टाका. नंतर हलता येतं. नोंद नसलेल्या मुलाला मात्र हलवणार तरी कुठून?

शाळेच्या सिक्स्थ फॉर्मने नकार दिला तर अपील करता येतं. पालक आणि मूल दोघांनाही तो हक्क आहे, आपल्याच शाळेत इयर १२ ला नाकारलेल्या मुलांनाही. ऑफर निकालावर अवलंबून असेल तर निकाल नक्की झाल्यापासून शाळेच्या ३० दिवसांत सुनावणी व्हायला हवी. अट पूर्ण न झाल्याचं प्रकरण असेल तर पॅनेल मुलाची हुशारी नव्याने तपासत नाही. हाती असलेल्या माहितीवर शाळेचा निर्णय वाजवी होता का, एवढंच पाहतं. म्हणून घसरलेल्या ग्रेडवरचं अपील सहसा अवघड जातं. आजारपणाचे वगैरे कागद असतील आणि ते शाळेला आधीच दिलेले असतील तर गोष्ट वेगळी.

कुठेच जमलं नाही, तर काउन्सिलकडे (स्थानिक प्रशासनाकडे) जा. १६-१७ वर्षांच्या प्रत्येकाला योग्य जागेची ऑफर मिळावी यासाठी 'सप्टेंबर गॅरंटी' आहे. नॅशनल करिअर्स सर्व्हिसचा ०८०० १०० ९०० हा मोफत नंबरही निकालाच्या काळात कामाचा. बीटेक (BTEC, व्यवसायाशी जोडलेला अभ्यासक्रम; आपली इंजिनिअरिंगची बी.टेक. नव्हे) आणि टी-लेव्हल या तांत्रिक अभ्यासक्रमाकडे नाक मुरडू नका. टी-लेव्हलमध्ये किमान ३१५ तास प्रत्यक्ष कामाचा अनुभव असतो, आणि ते एक टी-लेव्हल तीन ए-लेव्हलच्या बरोबरीचं धरतात.

एन्‌रोल झाल्यावर विषय चुकला असं वाटलं तर पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच बोला. कॉलेजच्या निधीसाठी विद्यार्थी पहिले ४२ दिवस टिकला का हे मोजतात, म्हणून अदलाबदल सप्टेंबरमध्ये सहज होते आणि ऑक्टोबरच्या मध्यानंतर दारं बंद होऊ लागतात. चाइल्ड बेनिफिट (मुलांसाठीचा सरकारी भत्ता) घेत असाल तर मूल शिकत राहणार आहे हे एचएमआरसीला, म्हणजे कर खात्याला, ३१ ऑगस्टपूर्वी कळवा, नाहीतर पैसे थांबतात. आणि स्लिप म्हणजे प्रमाणपत्र नव्हे. मूळ प्रमाणपत्रं पुढच्या काही महिन्यांत जुन्या शाळेत येतात. न नेलेली प्रमाणपत्रं शाळेने किमान १२ महिने सांभाळायची असतात, त्यानंतर मंडळाकडून दुसरी प्रत घ्यायला पैसे पडतात. नाताळच्या सुट्टीआधी मुलाला पाठवून ती घेऊन या.