खतात जीव आहे का, ते स्वतःच बघा : मायक्रोस्कोपखाली गांडूळ खत

आमच्याकडून गांडूळ खत नेणारे बरेच जण विचारतात की यात जिवाणू आहेत कशावरून, आणि खरं सांगायचं तर पिशवीवर काय लिहिलंय त्यावरून ते कळतच नाही. खताच्या सरकारी मानकात ओलावा, नत्र, स्फुरद, पालाश हे सगळं येतं. पण खतात या घडीला काय वळवळतंय ते डोळ्यांनी बघायचं असेल तर मायक्रोस्कोपच लागतो. तुर्भ्याच्या युनिटवर आम्ही दर बॅच बघतो, तुम्हीपण बघायला शिकावं असं आम्हाला मनापासून वाटतं, म्हणून हे पत्रक.

मायक्रोस्कोप शाळेच्या लॅबमधला साधा चालतो, फक्त ४० ची लेन्स हवी, आयपीस (डोळा लावतो ती वरची लेन्स) १० चा असला की ४०० पट मोठं दिसतं आणि आपल्या कामाला एवढं पुरतं. खाली प्रकाशाच्या वाटेत एक डायफ्राम (प्रकाश कमी-जास्त करायची झडप) असतो, तो उघडा ठेवून बघितलं की सगळं पांढरंफेक दिसतं आणि लोक म्हणतात काहीच नाहीये. जिवाणू जवळपास पारदर्शक असतात, त्यामुळे डायफ्राम बराच बंद करायचा, प्रकाश कमी झाला की कडा उठून दिसतात. नव्या माणसाची निम्मी अडचण इथेच सुटते.

आता सॅम्पल. बेडच्या (गांडुळं सोडलेल्या वाफ्याच्या) किंवा पिशवीच्या तीन-चार ठिकाणचं थोडं थोडं खत घ्या, एक माप खत आणि चार मापं पाणी, झाकण लावून अर्धा मिनिट हळूच वरखाली करा, मिक्सरसारखं घुसळू नका, बुरशीचे धागे तुटतात. नळाचं पाणी तसंच वापरू नका कारण आपल्याकडे ठाण्यात काय नि नवी मुंबईत काय पाणी क्लोरीन टाकूनच येतं, पावसाचं स्वच्छ पाणी किंवा उकळून गार केलेलं घ्या. आणि पहिली स्लाईड नुसत्या पाण्याची बघा, म्हणजे खतातलं कुठलं आणि पाण्यातलं कुठलं हा घोळ राहत नाही. जड कण खाली बसले की वरच्या पाण्यातला एक थेंब स्लाईडवर, कव्हरस्लिप (थेंबावर ठेवायची पातळ काच) तिरकी टेकवून हळू सोडायची, धाडकन टाकली की हवेचे बुडबुडे होतात, जाड काळ्या कडांचे गोल गोल, पहिल्यांदा सगळे त्यालाच जीव समजतात.

सुरुवात ४ च्या लेन्सने करा, मग १०, मग ४०. सगळ्यात बारीक ठिपके आणि काड्या म्हणजे जिवाणू, साधारण एक-दोन मायक्रॉनचे (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). ते जागच्या जागी थरथरताना दिसले तर ते जिवंतपणाचं लक्षण नाही, पाण्याचे रेणू धडकतात म्हणून निर्जीव कणही तसेच थरथरतात. सगळं एकाच दिशेला सरकत असेल तर तो पाण्याचा प्रवाह. एखादा ठिपका गर्दीतून वाट काढत स्वतःच्या दिशेने गेला तर तो खरा पोहणारा.

बुरशीचा धागा सगळीकडे सारख्या जाडीचा असतो, बऱ्याचदा आडव्या भिंती दिसतात. पानाचा किंवा कोकोपीटचा तंतू जाड-बारीक आणि कडेला फाटका असतो. गांडूळ खतात बुरशीपेक्षा जिवाणूच जास्त, गांडुळाच्या पोटातून आलेल्या मालाचा तो स्वभावच आहे, त्यामुळे धागे कमी दिसले म्हणून खत वाईट समजू नका.

आम्हाला स्वतःला सगळ्यात आनंद होतो तो प्रोटोझोआ, म्हणजे जिवाणूंपेक्षा मोठे एकपेशीय जीव बघून. शेपटीवाले फ्लॅजेलेट झटके देत पळतात, अमीबा इतका सावकाश सरकतो की त्याच्यापाशी दोन मिनिटं थांबावं लागतं, हे दोघं जिवाणू खातात आणि त्यातलं जादा नत्र अमोनियम होऊन बाहेर पडतं, तेच तुमच्या कुंडीतल्या मिरचीला मिळतं. म्हणून नुसते जिवाणू भरपूर असून भागत नाही, त्यांना खाणारे हवेत. अंगभर केस असलेले मोठे सिलिएट मात्र एकदोन ठीक, लेन्सखाली प्रत्येक ठिकाणी दिसायला लागले तर माल ओला होऊन हवा कमी पडलीये असं समजा. पावसाळ्यात आमच्याही बेडमध्ये हे होतं, ती बॅच आम्ही पसरून हवा देऊन परत बघतो, मगच भरतो.

सूत्रकृमी, म्हणजे दोऱ्यासारखे सूक्ष्म कृमी दिसले की घाबरू नका, गांडूळ खतातले बहुतेक जिवाणू खाणारेच असतात. तोंडात सुईसारखा काटा दिसला तर मात्र आम्हाला दाखवा, मुळं खाणाऱ्यांना असा काटा असतो, अर्थात बुरशी खाणाऱ्यांनाही असतो. नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या पांढऱ्या दोऱ्यासारख्या अळ्या, ज्यांच्यासाठी फोन येतात, त्या सूत्रकृमी नव्हेत, गांडुळाचेच छोटे भाऊबंद आहेत, झाडाला काही करत नाहीत.

मोजायचं असेल तर आयपीसवर १० च्या पुढे लिहिलेला दुसरा आकडा बघा. तो १८ असेल तर ४० च्या लेन्सखाली दिसणारं वर्तुळ ०.४५ मिमी रुंद, आणि १८ मिमीच्या चौकोनी कव्हरस्लिपखाली अशी जवळपास २,००० वर्तुळं बसतात. समजा २० ठिकाणी बघून एकूण ५ फ्लॅजेलेट मिळाले, म्हणजे सरासरी ०.२५, गुणिले २,०००, गुणिले २० (एका मिलीचे साधारण २० थेंब, तुमच्या ड्रॉपरचे मोजून घ्या), गुणिले ५ कारण आपण पाणी घातलंय. एक मिली खतात ५०,००० झाले. हा अंदाज आहे, पण तुम्हीच दर महिन्याला त्याच पद्धतीने मोजलंत तर फरक नक्की कळतो. तारीख टाकून वहीत चित्र काढा, मोबाईल आयपीसला लावून फोटो येतो तरी चित्र काढाच, हाताने काढलं की डोळा नीट बघतो.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो, यातून जिवाणूचं नाव कळत नाही, रोगाचा आहे की कामाचा तेही नाही. ती शंका असेल तर लॅबमध्येच टेस्ट करावी लागते.

पिशवीतलं खत सुकं झालेलं असतं, त्यातले प्रोटोझोआ कवचात झोपलेले असतात, म्हणून लगेच बघून निराश होऊ नका. मूठभर खत ओलसर करून सावलीत दोन दिवस ठेवा, मग बघा. आणि मायक्रोस्कोप पावसाळ्यात सिलिका जेलबरोबर बंद डब्यात ठेवा, आपल्या इथल्या दमट हवेत लेन्सवरच बुरशी धरते, आमची एक चांगली लेन्स अशीच गेली.

एकट्याने जमत नसेल तर शनिवारी दुपारी युनिटवर या, आपण शेजारी बसून बघू. येताना दोन चमचे ओलसर खत डब्यात आणा, अर्धा डबा रिकामा, झाकण सैल, फ्रीजमध्ये ठेवलेलं नको, आणि त्याच दिवशी काढलेलं.