विश्वचषक यजमानपद आणि आफ्रिकेचा खंडीय पाठिंबा

विश्वचषक फुटबॉल स्पर्धा आफ्रिकेत भरावी, यासाठी तेथील राष्ट्रीय संघटना व आफ्रिकन फुटबॉल महासंघ (स्थापना १९५७) यांनी खंडातील उमेदवार देशाला दिलेला पाठिंबा.

या मागणीचा आरंभ कधी धरावा याबाबत मतभेद आहेत. काही अभ्यासक तो १९६६ च्या बहिष्कारात पाहतात. त्या वेळी आफ्रिका व आशिया यांच्या वाट्याला अंतिम स्पर्धेतील एकच सामाईक जागा आली होती. त्याच्या निषेधार्थ आफ्रिकी संघांनी माघार घेतली. १९७० पासून खंडाला हक्काची जागा मिळाली व त्या जागेवर पहिल्यांदा मोरोक्को खेळला. तथापि ही मागणी खेळण्याच्या हक्काची होती. यजमानपदासाठी मोरोक्कोने १९९४ च्या स्पर्धेकरिता अर्ज केला, तेथून गणना करणे अधिक सयुक्तिक ठरते. १९८८ च्या त्या मतदानात अमेरिकेला १०, मोरोक्कोला ७ व ब्राझीलला २ मते पडली. १९९८ च्या स्पर्धेसाठी फ्रान्सने मोरोक्कोवर १२–७ अशी मात केली.

सर्वाधिक चर्चा २००६ च्या यजमानपदाची झाली. ६ जुलै २००० रोजी झुरिकमध्ये फिफाच्या (फुटबॉलची जागतिक संघटना) २४ सदस्यीय कार्यकारी समितीने मतदान केले. आफ्रिकेतून मोरोक्को व दक्षिण आफ्रिका असे दोन उमेदवार उभे होते, म्हणजे खंडाचे बळ सुरुवातीलाच विभागलेले होते. पहिल्या फेरीत मोरोक्को ३ मतांवर बाद झाला. दुसऱ्या फेरीत जर्मनी व दक्षिण आफ्रिका ११–११ अशा बरोबरीत राहिले आणि इंग्लंड २ मतांसह बाहेर पडला. इंग्लंडनंतर दक्षिण आफ्रिकेला मत द्यावे, असा ओशनिया महासंघाचा (न्यूझीलंड व पॅसिफिक बेटांची फुटबॉल संघटना) आपले प्रतिनिधी चार्ल्स डेम्प्सी यांना आदेश होता. ते अखेरच्या फेरीत तटस्थ राहिले. जर्मनी १२–११ ने जिंकला. डेम्प्सींचे मत पडते तर १२–१२ अशी बरोबरी झाली असती, आणि फिफाचे अध्यक्ष सेप ब्लाटर यांचे निर्णायक मत दक्षिण आफ्रिकेला मिळाले असते, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. आदल्या रात्री एका जर्मन व्यंग-नियतकालिकाने सदस्यांना हॉटेलवर गमतीची पत्रे पाठवून जर्मनीला मत देण्याच्या बदल्यात ब्लॅक फॉरेस्टचे हॅम व कुकू घड्याळ देऊ केले होते. तटस्थतेचे कारण या पत्रात शोधण्याचा मोह अनेकांना होतो. डेम्प्सींनी स्वतः असह्य दबावाचे कारण दिले व तेच ग्राह्य धरणे बरे. एका मताने हुकलेली ही संधी आफ्रिकी फुटबॉलवरचा मोठा अन्याय होता.

या निकालानंतर फिफाने खंडनिहाय आवर्तनाचे, म्हणजे यजमानपद खंडांना आळीपाळीने देण्याचे, धोरण आणले. त्यानुसार २०१० ची स्पर्धा आफ्रिकेसाठी राखीव झाली. १५ मे २००४ रोजी नेल्सन मंडेला यांच्या उपस्थितीत दक्षिण आफ्रिकेने मोरोक्कोचा १४–१० असा पराभव केला. इजिप्तला एकही मत मिळाले नाही. आवर्तनाचे धोरण २००७ मध्ये मागे घेण्यात आले.

२०२६ साठी कार्यकारी समितीऐवजी सदस्य संघटनांनी मतदान केले (मॉस्को, १३ जून २०१८). आफ्रिकन महासंघाचे नेतृत्व मोरोक्कोच्या बाजूने असूनही नामिबिया, झिंबाब्वे, लायबेरिया आदींनी अमेरिका-कॅनडा-मेक्सिको या संयुक्त उमेदवारीला मत दिले. आफ्रिकेच्या दक्षिणेकडील देशांच्या बाबतीत पश्चिम सहाराचा (मोरोक्को हक्क सांगत असलेला वादग्रस्त प्रदेश) प्रश्न हे एक कारण सांगितले जाते. संयुक्त उमेदवारी १३४–६५ ने विजयी झाली. सौदी अरेबियाचे मतही मोरोक्कोला मिळाले नाही, तेव्हा अरब पाठिंबाही गृहीत धरण्याजोगा नव्हता.

मार्च २०२३ मध्ये मोरोक्को स्पेन व पोर्तुगालच्या उमेदवारीत सामील झाला. ११ डिसेंबर २०२४ रोजी या तिघांना २०३० चे यजमानपद मिळाले. विश्वचषकाच्या शताब्दीनिमित्त प्रत्येकी एक सामना उरुग्वे, अर्जेंटिना व पॅराग्वे येथे ठेवण्यात आला.