चंद्र घेणार का सूर्य?

कोल्हापुरात रविवारी सकाळी मैदानावर पोरं जमली की पहिलं काम असतं गडी वाटायचं. दोन कॅप्टन बाजूला उभे राहतात. बाकीचे आपापल्या तोडीचा एकेक जोडीदार धरून लांब जातात, कुजबुजून नावं ठरवतात आणि एकमेकांच्या गळ्यात हात टाकून परत येतात. "चंद्र घेणार का सूर्य?" कॅप्टन सूर्य म्हणाला की सूर्य त्याचा, चंद्र पलीकडचा. एखादा उरलाच तर तो कॉमन, दोन्हीकडून बॅटिंग. अगदीच बारकं असेल तर लिंबूटिंबू.

गेल्या उन्हाळ्यात या घोळक्यात एक नवा पोरगा आला. घर बिहारकडचं, वडील शिरोलीच्या फाउंड्रीत. पहिले दोन रविवार तो कडेला उभा राहून गटारीत गेलेला बॉल काढून द्यायचा. त्याला हाक "ए बिहारी". तिसऱ्या रविवारी एक गडी कमी पडला आणि त्याला जोडीदार मिळाला. त्या दिवशी तो "रेल्वे" होता. दुपारपर्यंत हाक बदलली होती: "भावा, जरा मागं सर की, चौकार जाईल तिथनं!"

एका पोरावरून विज्ञान होत नाही, हे मान्य. पण एकत्र खेळून परका आपला होतो का, हाच प्रश्न एका अर्थतज्ज्ञानं उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत क्रिकेटच्याच मैदानावर सोडवायला घेतला. मॅट लोव यांनी वेगवेगळ्या जातींचे 1,261 तरुण निवडले. काहींना महिनाभराच्या लीगमध्ये खेळवलं, काहींना तुलनेसाठी बाहेर ठेवलं. कोण मिश्र जातींच्या टीममध्ये जाणार, कोण एकाच जातीच्या आणि कुणाची मॅच कुणाशी, हे सगळं चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं. यातली ग्यानबाची मेख लक्षात घ्या. गडी स्वखुशीनं निवडले तर मिश्र टीममध्ये तेच जातील ज्यांची आधीच दोस्ती आहे. मग शेवटी दिसलेला सलोखा खेळामुळं आला की आधीपासूनच होता, हे कुणी सांगायचं? आपली चंद्र-सूर्यवाली पोरं नकळत हाच गोंधळ टाळतात.

2021 साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे. एका टीममधून खेळलेल्यांच्या जातीबाहेरच्या मैत्री वाढल्या, एकमेकांशी देवाणघेवाण सोपी झाली, स्वतःच्या जातीला झुकतं माप देणं कमी झालं. ज्यांची गाठ परजातीच्या गड्यांशी विरुद्ध बाजूनं पडली त्यांच्यात मात्र बहुतांशी उलटं झालं. एकत्र येणं आणि एका बाजूला येणं यांत इतका फरक आहे. गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञानं 1954 सालीच, एकत्र येण्यातून पूर्वग्रह कमी व्हायचे तर काय लागतं, याच्या अटी घालून ठेवल्या होत्या: दर्जा बरोबरीचा हवा, ध्येय एक हवं, सहकार्य हवं आणि वरच्यांचा पाठिंबा हवा. जोडीदार "तोडीचा" धरायचा, या आपल्या नियमात पहिली अट आपोआप बसते.

विरुद्ध बाजूला इतकं बिनसतं का? हेन्री ताजफेल यांनी 1970 च्या सुमारास ब्रिस्टलच्या शाळकरी मुलांचे दोन गट पाडले, तेही अगदी फालतू कारणावरून. म्हणे तुम्हाला या चित्रकाराची चित्रं आवडतात, त्यांना त्या. गटात कोण आहे हेही मुलांना ठाऊक नव्हतं. तरी पैसे वाटायला सांगितल्यावर मुलांचा कल दिसला तो असा, की आपल्या गटाला थोडे कमी मिळाले तरी चालतील, पण पलीकडच्यांपेक्षा जास्त हवेत. शाहू स्टेडियमवर दोन पेठांची फुटबॉल मॅच पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगायला नको.

ताजफेल पोलंडचे ज्यू. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांचे युद्धकैदी होते, सुटून आले तेव्हा घरचं जवळपास कुणीच उरलं नव्हतं. पुढं काही वर्षं त्यांनी युरोपात निर्वासितांसाठी काम केलं. त्याच काळात इथं, रेल्वेनं मिरजेकडे निघालं की गूळ मार्केटनंतर जे वळिवडे लागतं तिथं, सुमारे 5,000 पोलिश निर्वासित राहत होते. बहुतेक बायका आणि मुलं. सोव्हिएत सत्तेनं सैबेरिया, कझाकस्तानात हाकललेली आणि इराणमार्गे आलेली. 1943 ते 1948. बराकी, शाळा, चर्च, सगळं होतं. ते गेले आणि त्याच जागी फाळणीतून आलेले सिंधी राहिले. तेच आजचं गांधीनगर.

राज्यशास्त्रज्ञ सल्मा मूसा यांचा प्रयोग वाचताना मला गांधीनगरच आठवलं. त्यांनी इराकमध्ये इसिसमुळं विस्थापित झालेल्या ख्रिश्चन खेळाडूंच्या काही फुटबॉल टीममध्ये मुस्लिम खेळाडू घातले आणि 2020 साली निष्कर्ष मांडले. मुस्लिम सहकारी मिळालेले ख्रिश्चन खेळाडू पुढच्या हंगामात मिश्र टीमसाठी नाव नोंदवायला जास्त तयार होते. खिलाडूपणाच्या बक्षिसासाठी दुसऱ्या टीममधल्या मुस्लिमाला मत द्यायला तयार होते. सहा महिन्यांनीही मुस्लिमांबरोबर सराव करत होते. पण मुस्लिमबहुल मोसुलमधल्या हॉटेलात जेवायला जा म्हटलं की फारसा फरक दिसला नाही. मैदानावरची दोस्ती मैदानाच्या कुंपणापाशी थबकली.

आमच्याकडं हे उलट्या क्रमानं घडलं. लग्नाचा बस्ता म्हटलं की अख्खा जिल्हा पूर्वीपासून गांधीनगरला जातो. मोसुलच्या हॉटेलची परीक्षा व्यापारानं पास करून टाकली. पण काउंटरच्या दोन बाजू म्हणजे एक टीम नव्हे, तिथं भावावरून घासाघीस चालते. माझ्या मते एक टीम आणि व्यापार दोन्ही लागतात आणि त्यातला व्यापार सोपा आहे, कारण त्यासाठी कुणी मुद्दाम काही करावं लागत नाही.

क्रिकेट निर्वासितांना कुठवर नेतं हे अफगाणिस्ताननं दाखवलंच आहे. पेशावरकडच्या छावण्यांत पोरं हा खेळ शिकली, 2017 मध्ये देशाला कसोटी दर्जा मिळाला आणि 2024 च्या टी-ट्वेंटी विश्वचषकात उपांत्य फेरी. 2015 नंतर जर्मनीत पोचलेल्या अफगाण तरुणांनी तिथंही क्लब उभे केले. आता ते क्लब फक्त अफगाणांचे की मिश्र, यावर लोव यांच्या हिशेबानं पुढचं बरंच अवलंबून.

परवाच्या रविवारी आमचा "रेल्वे" आला नाही. गडी विषम झाले. कॅप्टन म्हणाला, "जा रे, कुणीतरी त्याला घेऊन या." पोरं एकमेकांकडं बघत राहिली. तो राहतो कुठं, हे कुणालाच माहीत नव्हतं. शेवटी एकाला कॉमन करून मॅच सुरू झाली.