बांधकाम व्यवस्थापन : शिक्षण आणि व्यवसाय

इमारत, पूल, धरण, बोगदा किंवा रस्ता ठरलेल्या मुदतीत, ठरलेल्या खर्चात, अपेक्षित दर्जाचा आणि कोणाच्याही जिवाला धोका न होता उभा राहावा, यासाठी लागणाऱ्या नियोजनाचे व नियंत्रणाचे शास्त्र म्हणजे बांधकाम व्यवस्थापन. खांबात किती सळ्या हव्यात हे संरचना अभियंता ठरवतो. त्या सळ्या साइटवर कोणत्या दिवशी पोचाव्यात, बांधायला किती फिटर लागतील, त्या कामाचे बिल कधी निघेल आणि उशीर झालाच तर भुर्दंड कोणी सोसायचा, हे या विद्याशाखेचे प्रश्न आहेत. भारतात हा विषय मुख्यतः पदव्युत्तर पातळीवर शिकवला जातो.

वेळापत्रक हा या शिक्षणाचा कणा. १९५७च्या सुमारास अमेरिकेतील ड्यूपाँट या रसायन कंपनीत क्रिटिकल पाथ पद्धत आकाराला आली, तर १९५८मध्ये अमेरिकी नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्र प्रकल्पासाठी पर्ट पद्धत. दोन्हींचा पाया एकच : कामाचे तुकडे पाडायचे, कोणते कशानंतर येते ते जोडायचे आणि जिच्यात एका दिवसाचीही सवड नाही अशी साखळी, म्हणजेच क्रिटिकल पाथ, शोधायची. या साखळीतले काम एक दिवस रखडले की सगळा प्रकल्प एक दिवस पुढे जातो. बाकीच्या कामांना थोडी सवड असते. तिला ‘फ्लोट’ म्हणतात.

याचे ठसठशीत उदाहरण कोकण रेल्वे. १९९०मध्ये महामंडळ स्थापन झाले आणि ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग बांधला गेला. शेवटी सगळे अडले ते गोव्यात पेडण्याच्या दीडेक किलोमीटरच्या बोगद्यापाशी. तिथली पाणी शोषलेली मऊ माती खणताच ढासळत होती. तो बोगदा पुरा झाल्यावरच, २६ जानेवारी १९९८ रोजी, सलग वाहतूक सुरू झाली. क्रिटिकल पाथ म्हणजे काय, हे विद्यार्थ्याला यापेक्षा चांगले समजावता येणार नाही.

छोट्या इमारतीतही हेच गणित चालते. काँक्रीटच्या कामाच्या आयएस ४५६ (२०००) या भारतीय मानकानुसार साधे पोर्टलँड सिमेंट, पुरेसे क्युरिंग (काँक्रीट ओले ठेवणे) आणि १५ अंशांखाली न जाणारे तापमान असेल, तर ४.५ मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या (दोन आधारांमधल्या अंतराच्या) स्लॅबखालचे टेकू ७ दिवसांनी आणि त्याहून मोठ्या गाळ्याचे १४ दिवसांनी काढता येतात. समजा गाळे ५ मीटरचे आहेत आणि दर १० दिवसांनी एक स्लॅब भरायचा आहे. पहिल्या स्लॅबचे टेकू मोकळे होण्याआधीच दुसऱ्याचे सेंटरिंग (ओले काँक्रीट पेलणारा साचा व टेकू) लावावे लागते, म्हणजे टेकूंचे दोन संच हवेतच. शिवाय वरच्या ताज्या काँक्रीटचे वजन खालच्या कोवळ्या स्लॅबवर येते, त्यामुळे तिसऱ्या संचाचाही विचार करावा लागतो. एका संचाचे भाडे वाचवण्यासाठी टेकू लवकर काढणे हे घातक आहे. वेळ, पैसा आणि सुरक्षितता हे तीन वेगळे विषय नाहीत, हे वर्गात शिकवले जाते खरे, पण पटते ते साइटवर उभे राहिल्यावर.

वेळापत्रकाच्या खालोखाल महत्त्व कराराचे. निविदा, दरविश्लेषण, मोजमाप पुस्तिका, चालू देयके (काम सुरू असताना निघणारी बिले) आणि मुदतवाढीचे अर्ज यांचा अभ्यास असतो. भारतीय करार अधिनियम, १८७२ मधील नुकसानभरपाईची कलमे ७३ व ७४ आणि आंतरराष्ट्रीय कामांसाठी फिडिक या सल्लागार अभियंत्यांच्या जागतिक महासंघाचे नमुना करारही शिकवले जातात. या भागाकडे विद्यार्थी कोरडा विषय म्हणून पाहतात, ही मोठी चूक आहे. ठेकेदाराचा नफा अनेकदा काँक्रीटपेक्षा वेळेवर लिहिलेल्या पत्रांवर टिकतो. खर्च नियंत्रण, गुणवत्ता, यंत्रसामग्री, कामगार कायदे, वेळापत्रकासाठीच्या प्रिमाव्हेरासारख्या संगणक प्रणाली आणि बिम (इमारतीचे संगणकावरील माहितीयुक्त प्रतिरूप) हे उरलेले विषय.

या विषयाला वाहिलेली भारतातील ठळक संस्था म्हणजे ‘निकमार’. बांधकाम उद्योगाच्या पुढाकाराने ती १९८३मध्ये स्थापन झाली. पुण्याजवळ बालेवाडीत तिचा परिसर असून आता तिला विद्यापीठाचा दर्जा आहे. १८५४पासूनची परंपरा असलेले पुण्याचे सीओईपी, मुंबईतील व्हीजेटीआय आणि अंधेरीचे सरदार पटेल अभियांत्रिकी महाविद्यालय येथेही या विषयात एमटेक करता येते. दिल्ली व मद्रास आयआयटींमध्ये गेट परीक्षेच्या गुणांवर प्रवेश मिळतो. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठात बांधकाम तंत्रज्ञान पदवीपासून शिकता येते. बीई झाल्या झाल्या प्रवेश घेण्याऐवजी दोनेक वर्षे साइटवर काढून आलेल्यांना हा अभ्यास अधिक लाभतो. मुकादमाशी हजेरीवरून एकदाही वाद न घातलेल्याला कामगारांच्या उत्पादकतेचे तक्ते नुसते आकडेच वाटतात.

नोकरीची सुरुवात बहुधा नियोजन अभियंता किंवा बिलिंग अभियंता म्हणून होते. बिलिंगचा माणूस पुढे क्वांटिटी सर्व्हेअर (कामाचे परिमाण व खर्च मोजणारा) आणि करार व्यवस्थापक होतो, नियोजनाचा प्रकल्प व्यवस्थापकाच्या वाटेवर जातो. ठेकेदार कंपन्यांखेरीज विकासक, प्रकल्प सल्लागार कंपन्या, कर्ज देणाऱ्या बँकांचे अभियंते आणि मेट्रोसारखी सरकारी महामंडळे हीही कामाची ठिकाणे. २०१६च्या रेरा (स्थावर संपदा नियमन) कायद्याने ग्राहकांकडून आलेल्या रकमेचा ७० टक्के भाग वेगळ्या खात्यात ठेवणे बंधनकारक केले. त्यातून पैसे काढायचे तर काम किती झाले याचा अभियंता, वास्तुविशारद आणि सनदी लेखापाल यांचा दाखला लागतो. त्यामुळे मोजमापाच्या कामाचे मोल वाढले. दुबई, ओमान, कतारमधल्या साइटींवरही मराठी अभियंते दिसतात.

सुरक्षा अधिकारी हे पद मात्र अजून दुय्यम समजले जाते. इमारत व इतर बांधकाम कामगार अधिनियम, १९९६ ने ५०हून अधिक महिला कामगार असलेल्या ठिकाणी पाळणाघर आवश्यक केले होते. वाळूच्या ढिगावर खेळणारी मुले पाहिली की पाळणाघराचा मुद्दा शिकवण्यातच नव्हे, तर या अधिकाऱ्याच्या रोजच्या तपासणीच्या यादीतही असायला हवा हे कळते.

पंधरा-वीस वर्षांच्या अनुभवानंतर काही जण दावे आणि लवाद (न्यायालयाबाहेर पंचामार्फत निवाडा) या क्षेत्राकडे वळतात. लवाद अधिनियम, १९९६ खाली चालणाऱ्या वादांत उशिराची जबाबदारी ठरवताना तज्ज्ञ साक्षीदार लागतो. तो पहिली मागणी करतो ती साइटवरच्या रोजच्या डायरीची : त्या दिवशी पाऊस किती पडला, नकाशा कधी हाती आला, किती माणसे कामावर होती.